चटईवरचं चटईवर

अंगणात चपलांचे एकोणीस जोड होते आणि आत पडवीत कुणी तोंड उघडत नव्हतं.

अन्नपूर्णाबाईंनी उंबऱ्यातून सगळ्यांवर एकदा नजर फिरवली. कोसमटोल्यात मडावींच्या घरी गुरुवारची ख्रिस्ती प्रार्थनेची घरसभा भरायला लागून छत्तीस वर्षं झाली होती. सासरे इसरूबाबा होते तेव्हा सात माणसं यायची आणि शिंदीच्या एकाच चटईवर मावायची. बाबा पवित्र शास्त्र मिटायचे, चटईवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "चटईवरचं चटईवर." मग जो तो आपापलं दुखणं घेऊन घरी जायचा आणि दुसऱ्याचं तिथंच ठेवायचा. आता चटया चार झाल्या होत्या आणि बाबांच्या जागी त्यांचा धाकटा मुलगा गुणवंतराव बसत होता, अन्नपूर्णाबाईंचा दीर, निवृत्त मास्तर.

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. "प्रार्थनेसाठी कोनाचे काही विषय?"

"माह्या गुडघ्यासाठी," सुकलूभाऊ म्हणाले.

"पोरीची परीक्षा आहे."

"नाल्यापलीकडं वाघ फिरून राह्यला म्हनतात. तेवढ्यासाठी."

एवढंच. महिनाभरापूर्वी याच पडवीत माणसं रडली होती आणि आज गुडघ्याच्या वर कुणी जायला तयार नव्हतं. दाराजवळ खांबाला टेकून बसलेली रीता नखानं चटईची काडी उकलत होती. तिच्याकडं कुणी थेट बघत नव्हतं, पण सगळ्यांचं लक्ष तिच्यावरच होतं.

रीता गुणवंतरावांची एकुलती मुलगी. चामोर्शीला सेतू केंद्रात काम करायची. ती अकरा वर्षांची असताना तिची आई गेली आणि तेव्हापासून तिच्या वेण्या अन्नपूर्णाबाईंनी घातल्या. महिनाभरापूर्वी तीच या चटईवर म्हणाली होती, "मले लहानपनी फिट येत होत्या. सहा वर्सं झाली, एकबी नाई आली, पन गोळी चालू आहे. राजुऱ्याच्या लोकायले हे म्हाईत नाई. नाताळाच्या आधी राजदीप इथी येनार आहे, तवा मी त्याले सोताच सांगीन. तेवढी हिंमत मले भेटावी, एवढी प्रार्थना करा."

राजदीप राजुऱ्याचा, तिथल्याच एका कोळसा खाणीत सर्व्हेअर. दोघांच्या लग्नाची बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. रीता बोलली त्याच्या बाराव्या दिवशी राजुऱ्याहून गुणवंतरावांना फोन आला. मुलाचा बाप फार चढ्या आवाजात बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, आमच्यापासून लपवून ठेवलं तुमी. आता तारीख राहू द्या." आणि फोन ठेवला.

म्हणजे चटईवरचं कुणीतरी बाहेर नेलं होतं. एकोणीस माणसं, आणि प्रत्येकजण बाकीच्या अठरांचा हिशेब करत होता. अन्नपूर्णाबाईंनीही केला. रीताचा विषय त्या रोज सकाळी प्रार्थनेत ठेवत होत्या, आणि प्रार्थना करता करताच त्यांचं मन एकेक चेहरा चाळायचं. चाळून चाळून ते एकाच जागी येऊन थांबायचं. त्यांची सून, करिश्मा. तिचं माहेर राजुरा. तिची आई आणि राजदीपची आई रविवारी चर्चमध्ये एका बाकावर बसत. आणखी काय पुरावा पाहिजे?

गुणवंतराव त्या दिवशी जिभेवर बोलले. चाळीस मिनिटं. जीभ कशी आग लावते, घर कसं जळतं, आणि नाव न घेता, कसं काही माणसांना मंडळीत बसायचा हक्कच नसतो. चर्चचे तरुण पास्टर पवन नैताम मागं भिंतीशी बसले होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "या वचनात कोनाले कुठी अडलं का?" कुणी बोलायच्या आत गुणवंतरावांनीच उत्तर दिलं आणि पुढं निघाले.

करिश्मा चहाचे पेले घेऊन आली. तिच्या हातून पेला घेताना दोन बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. अन्नपूर्णाबाईंना ते दिसलं. त्यांना वाईट वाटायला पाहिजे होतं. बरं वाटलं. म्हणजे आपल्यालाच नाही, सगळ्यांनाच तसं वाटतं.

*

माणसं गेली तरी पास्टर थांबले. उकडलेल्या शिंगाड्यांची परात पुढं होती, पण त्यांनी एकच सोलून हातात धरला होता.

"मास्तर, राग नका मानू. ही सभा आता दोन ठिकानी बसवू."

"काऊन जी?"

"एकोनीस मानसं आहेत. बोलनारे तीन, ऐकनारे सोळा. सात-आठ जन असले का गप्प बसनारा दिसून येते. एकोनिसात तो लपून जाते. आन् कोनाले काही सांगायचं असन तं हे अठरा जन कोन कोन हायेत, ते त्याले पक्कं म्हाईत पाह्यजे. रीताताईच्या वेळी चार मानसं तं नवीनच होती."

गुणवंतरावांचा चेहरा लाल झाला. "इसरूबाबाची सभा मोडाची आहे तं सरळ सांगा. तुमाले आपल्या घराकडं सभा न्यायची आहे, हे मले म्हाईत आहे."

"माह्या घरी नाई. सुकलूभाऊच्या आंगनात."

"आन् चालवनार कोन?"

पास्टरांनी शिंगाडा परातीत ठेवला. "करिश्माताई."

अन्नपूर्णाबाई पेले गोळा करत होत्या. त्यांचे हात जागीच थांबले.

"ती पोरगी?" गुणवंतराव हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "पास्टर, गावात काय बोलून राह्यले ते तुमच्या कानावर आलं नाई का?"

"आलं. पन खरं काय ते कोनालेच म्हाईत नाई." पास्टर उठले. "लेकरायच्या रविवारच्या शाळेत मी तिले पाह्यलं आहे. ती विचारते, आन् मंग उत्तराची वाट पाहते. आपल्याले तेच जमत नाई, मास्तर. तुमालेबी नाई, मलेबी नाई."

ते गेल्यावर गुणवंतराव वहिनीकडं वळले. "पाह्यलं? सून तुमची आन् सभा तिची. पास्टरच्या कानाले ती कधीपासून लागली, ते जरा पाहा वहिनी."

 ते वाक्य अन्नपूर्णाबाईंनी पेल्यांबरोबर उचलून आत नेलं.

चुलीजवळ करिश्मा भाताचं पातेलं उतरवत होती. अन्नपूर्णाबाईंनी आडून सुरुवात केली. "तुह्या मायचा फोन येत असन ना?"

"येते. आठवड्यातून दोनदा."

"इथलं काय काय विचारते?"

करिश्मानं वर पाहिलं. ती चोवीस-पंचवीसची, सावळी, हळू बोलणारी पोर. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि या घरात तिचा आवाज अजून कुणी चढलेला ऐकला नव्हता. "जेवली का, तब्येत कशी आहे, हेच. काऊन आई?"

"काई नाई. पुढच्या गुरुवारी तू नको बसू सभेत. चहापान्याचं पाह्य. मानसं लई झाली."

 करिश्मानं मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'चाही अन्नपूर्णाबाईंना संशय आला. निर्दोष माणूस एवढ्या लवकर बरं म्हणतं का?

*

अन्नपूर्णाबाईंचा मुलगा धनराज वनविभागाच्या लाकूड डेपोत कामाला होता. शनिवारी तो घरी आला तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी त्याला गोठ्याकडं नेलं.

"तिच्या फोनमंदी एकडाव पाह्यजो."

"कोनाच्या?"

"तुह्या बायकोच्या. मायले काय काय लिहिते, ते."

धनराज चिडला नाही, हेच त्यांना नंतर फार दिवस आठवत राहिलं. तो फक्त म्हणाला, "मलेबी तसंच वाटून राह्यलं होतं." म्हणजे बोललं कुणी नव्हतं, पण संशय आई-लेकात वाटून घेतलेला होताच.

फोनमध्ये काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे तिनं पुसलं असेल, असं धनराज म्हणाला, आणि अन्नपूर्णाबाईंना ते पटलं.

सोमवारी दुपारी त्या जेवायला बसल्या तेव्हा करिश्मानं ताटाशेजारी फोन आणून ठेवला.

"घ्या आई."

"हे काय?"

"तुमच्या लेकानं परवा पाह्यला, मी आंघोळीले गेली तवा. पन माही माय लिहीत नाई, ती बोलून पाठवते. ते यायनं ऐकलं नसन. तुमी ऐका. सगळं आहे, काईच पुसलं नाई."

अन्नपूर्णाबाईंचा घास हातात राहिला. "मी कुठी म्हनलं का तू..."

"तुमी म्हनलं नाई. कोनीच म्हनलं नाई. म्हनलं असतं तं मी नाई तरी म्हनू शकली असती." तिचा आवाज तसाच हळू होता. "रीता बोलली त्या दिवशी मी मागं विहिरीपाशी जाऊन रडली. संध्याकाळी मायचा फोन आला. ती म्हने, आवाज कसा आहे तुहा? मी म्हनलं, सर्दी झाली. मायले मी सर्दी सांगतली, आई."

फोन ताटाजवळ पडून राहिला. अन्नपूर्णाबाईंनी त्याला हात लावला नाही. थोड्या वेळानं करिश्मानंच तो उचलून नेला.

त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही खरं बोलत असेल. पण मग दुसरं कोण? सुकलूभाऊ? त्या चार नवीन माणसांपैकी कुणी? की खुद्द पास्टर? संशय एका दारातून बाहेर काढला की तो शेजारच्या दारात जाऊन बसायचा.

*

अन्नपूर्णाबाईंची धाकटी बहीण सोमारी माजरीला असायची. तिचा नवरा खाणीतून निवृत्त झालेला. दोघी बहिणी रोज सकाळी साडेपाचला फोनवर मिळून प्रार्थना करत. बारा वर्षांचा नेम होता तो. बुधवारी सकाळी प्रार्थना संपली आणि अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "रीताचं काईच होऊन नाई राह्यलं वं. पोरगी वाळून गेली."

"होईन, होईन," सोमारी म्हणाली. "आमच्या गटात तं महिना झाला, रोज तिचं नाव घेऊन राह्यलो. तिच्या फिटसाठी वेगळा उपास ठेवला एक दिवस. बारा बाया होतो."

अन्नपूर्णाबाई खाटेवर सरळ झाल्या. "कोनत्या गटात?"

"आमच्या इथल्या. तूच तं म्हनली होती, प्रार्थनेत ठेव म्हून. त्या राजदीपची मावशी आहे ना आमच्यात, ती तं इतकी रडली, इतकी रडली. तिले म्हाईतच नव्हतं बिचारीले."

बाहेर कोंबडा आरवला. कुणीतरी विहिरीवर बादली सोडली. अन्नपूर्णाबाईंना आपलेच शब्द जसेच्या तसे ऐकू आले. रीता बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, याच खाटेवर, याच वेळी: कोनाले सांगू नको सोमारी, फक्त प्रार्थनेत ठेव.

त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी प्रार्थना केली होती. हा सगळा महिना त्या अठरा माणसांचे चेहरे चाळत बसल्या आणि एकोणिसावा चेहरा आरशात होता, तिथं त्यांनी पाहिलंच नाही. कारण बहिणीशी बोलणं हे बोलणं असतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"अक्का, हायेस ना?"

"हाओ," त्या म्हणाल्या. "ठेवते."

दिवसभर त्यांनी कामं केली आणि कामं करता करता एक विचारही केला. तो विचार नंतर त्यांनी स्वतःपाशी कबूल केला म्हणून सांगायचा. त्यांना वाटलं, कुणाला कळणार आहे? सोमारी माजरीला. कुठून कळलं, ते मावशी सांगायची नाही. करिश्मावरचा संशय चार-सहा महिन्यांत आपोआप निवेल. पोर सोशिक आहे. सोसेल.

संध्याकाळी रीता आली, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्याजवळ बसली आणि म्हणाली, "मोठी आई, मी आता उद्या सभेले नाई येनार. तिथी बसली का मले प्रत्येकाचं तोंड पाहावं वाटते. मले असं नाई जगायचं."

"उद्या ये," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "उद्याच्या दिवस ये."

*

गुरुवारी करिश्मा सांगितल्याप्रमाणे स्वयंपाकघरातच होती. गुणवंतरावांनी शास्त्र उघडलं, प्रार्थनेचे विषय विचारले. सुकलूभाऊंनी गुडघा सांगितला.

"माहा एक विषय आहे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या सभेत कधी बोलत नसत. घर त्यांचं, पण बोलणं दिराचं, असंच चालत आलं होतं. "करिश्मा, बाहेर ये. चहा राहू दे."

करिश्मा दारात येऊन उभी राहिली. अन्नपूर्णाबाईंनी सगळं सांगितलं. सोमारी, माजरीचा गट, राजदीपची मावशी, उपास. फोन पाहायला लावला तेही सांगितलं. धनराज ओट्यावर बसला होता, त्यानं मान फिरवली.

गुणवंतराव मध्येच म्हणाले, "वहिनी, घरातलं आपुन घरात बोलू."

"महिनाभर तुमी या चटईवर बसून माह्या सुनेले बोलले, भाऊजी. नाव नाई घेतलं, पन सगळ्यायले समजलं. आन् मी ऐकून घेतलं. म्हून हे इथीच बोलते."

गुणवंतरावांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. 

 मागून सुकलूभाऊ खाकरले. "म्याबी सांगतलं होतं. घरी बायकोले. तिनं फुडं कोनाले सांगतलं, ते म्या इचारलं नाई." आणखी कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "मीबी." ते कोण, हे अन्नपूर्णाबाईंनी वळून पाहिलं नाही.

रीता रडत नव्हती. "मोठी आई, तू प्रार्थनाच केली, मले म्हाईत आहे. तुह्या मनात वाईट नव्हतं. पन ते सांगनं माहं होतं. मी राजदीपचं तोंड पाहून सांगनार होती. तो काय म्हनते, कसा पाहते, ते मले पाहायचं होतं. आता ते मले कधीच नाई पाहाले भेटनार." ती उठली, चपला घातल्या आणि गेली. गुणवंतराव तिच्या मागं गेले.

करिश्मा दारातून आत वळली आणि चहा घेऊन आली. यावेळी पेले घेताना माणसांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती कुणाकडंच बघत नव्हती.

*

नाताळानंतर एका सभेच्या दोन सभा झाल्या. गुणवंतरावांनी वाद घातला नाही. मडावींच्या पडवीत गुरुवारी अकरा माणसं बसू लागली, आणि मंगळवारी दुपारी सुकलूभाऊंच्या अंगणात सात. त्या सातांत करिश्मा, रीता, सुकलूभाऊ नवराबायको, दोन शेजारणी आणि अन्नपूर्णाबाई. मला इथं बसू देशील का, असं त्यांनी सुनेला विचारलं होतं. करिश्मा विचार करून म्हणाली होती, "बसा. पन इथलं बोलनं प्रार्थनेसाठीबी बाहेर न्यायचं नाई. न्यायचं असन तं ज्याचं आहे त्याले विचारून."

पहिले दोन मंगळवार जड गेले. करिश्मा थोडंसं वाचायची, एक प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. इतकी गप्प, की सुकलूभाऊंची बायको एकदा उठून शेळीला पाला टाकून आली. दुसऱ्या मंगळवारी रीता म्हणाली, "राजदीपचा फोन आला होता. त्याचा सोताचा. काय बोलला ते मी आज सांगत नाई." सगळ्यांनी मान डोलावली. कुणी विचारलं नाही. अन्नपूर्णाबाईंच्या ओठांवर चार प्रश्न आले आणि त्यांनी ते गिळले.

तिसऱ्या मंगळवारी करिश्मानं विचारलेला प्रश्न भीतीबद्दल होता. कुणी बोललं नाही तेव्हा ती स्वतःच बोलली.

"फोन पाह्यला त्या दिवसापासून माही पेटी भरून ठेवली आहे. राजुऱ्याले जायची. रोज सकाळी वाटते आज निंगते, आन् रोज काम निंगते. मले नवऱ्याची भीती नाई वाटत. पन त्यायच्या बाजूले बसून मले आता माह्या मायशी मोकळं बोलता येत नाई. जाऊ का राहू, ते मलेच समजून नाई राह्यलं."

ती सासूकडं न बघता बोलली, पण सासू समोर बसलेली आहे हे माहीत असून बोलली. अन्नपूर्णाबाईंना उठून तिचे हात धरावेसे वाटले, पेटी रिकामी कर म्हणावंसं वाटलं. त्या बसून राहिल्या. रीतानं करिश्माच्या पाठीवर हात ठेवला. अन्नपूर्णाबाईंकडं तिनं एकदा पाहिलं, महिन्याभरानंतर पहिल्यांदा, आणि पुन्हा नजर वळवली.

सभा संपवून सासू-सुना घरी आल्या तेव्हा धनराज डेपोतून आलेला होता. ऊन अजून ओट्यावर होतं.

"आज काय बोलली ती?"

"कोन?"

"करिश्मा. माह्याबद्दल काई बोलली का?"

"तिलेच विचार."

"तुले विचारून राह्यलो ना." त्याचा आवाज दबला. "महिना झाला, ती हो-नाई सोडून बोलत नाई. तिथी जाऊन बोलते. तुह्याच सांगन्यावरून मी फोन पाह्यला होता, आई. आता तू काऊन लपवून राह्यली?"

तो त्यांच्याकडं टक लावून बघत होता. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. याच नजरेनं त्यांनी महिनाभर सुनेकडं पाहिलं होतं. पेटीचं एक वाक्य सांगितलं असतं तर पोरगा धावत जाऊन पाया पडला असता, आणि कदाचित सगळं जुळूनही आलं असतं.

"तुह्यापासून लपवायचं आहे म्हून नाई," त्या म्हणाल्या. "ते माहं नाई म्हून. ती आपल्याच आंगनात आहे. जा, आन् पह्यले तुह्याकडून जे चुकलं ते बोल. मंग ती काय सांगते ते ऐक."

 आईवर धनराजचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. पण तो गेला. कुडापलीकडं त्याचा आवाज आला, अडखळत, आणि मग बऱ्याच वेळानं करिश्माचा, नेहमीपेक्षा थोडा मोठा. शब्द कळायला लागले तशा अन्नपूर्णाबाई उठल्या, मागचं दार उघडलं आणि काही ऐकू येणार नाही एवढ्या लांब, शेतातल्या धानाच्या बांधीपर्यंत चालत गेल्या.